सीलबंद ड्रम आणि पंचवीस समीकरणं

असे लेख निवृत्त माणसं लिहितात. गुडघे दुखत असतात, आठवणी मुरून गोड झालेल्या असतात. माझं वय अठ्ठावीस आहे आणि आठवणी अजून कच्च्या आहेत. संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमचं काम एवढं छान, काहीतरी प्रेरणादायी लिहा ना." मी म्हटलं, प्रेरणा शिल्लक नाही. दमलेय. दमलेल्या माणसाचं लिखाण दिवाळी अंकात चालत असेल तर पाठवते. ते म्हणाले, पाठवा.

तर माझं काम. जुईनगरमध्ये एका विहाराच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे. तिथे संध्याकाळी साडेसहा ते आठ मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. फी नाही. पाच वर्षं झाली. त्याआधी मी पत्रकं लिहायचे. शाळांच्या प्रश्नांवर लढणाऱ्या आमच्या संघटनेत सगळेच भाषणं करायचे, लिहायला कुणी बसायचं नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे: एका ओळीत एकच राग, मोठा टाईप, खाली मागणी. "परंतु", "तथापि" असले शब्द आले की वाचणारा कागद चुरगळतो. तीन वर्षं मी असं लिहिलं, आणि त्या सवयीने पुढे माझा कसा घात केला तेच सांगायचं आहे.

पत्रकांमधूनच मी वर्गात येऊन पडले. आम्ही शाळाशाळांतून फिरून प्रयोगशाळा बघत होतो. एका शाळेत क्लार्क म्हणाला, "आहे की प्रयोगशाळा, नाही कशी?" चावी शोधायला अर्धा तास गेला. दार उघडलं तर आत स्नेहसंमेलनाचं सिंहासन, पुठ्ठ्याचा किल्ला आणि फाटका कर्णा. परीक्षानळ्या खोक्यात, पॅकिंगच्या गवतात, जशा आल्या तशा. मी चिडून पत्रक काढलं: "परीक्षानळ्या गवतातच!" स्टेशनबाहेर वाटत होतो. एका बाईने उभं राहून पूर्ण वाचलं (हे फार कमी वेळा होतं) आणि म्हणाली, "सगळं खरंय गं. पण माझ्या मुलीचा पेपर मार्चमध्ये आहे. तोपर्यंत तुमचं सरकार प्रयोगशाळा उघडणारे का? नाही ना? मग शिकवणार कोण?"

माझ्याकडे केमिस्ट्रीची पदवी होती. पुढच्या सोमवारी हॉल मागितला.

आता ज्यांनी शाळा सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी, समीकरण संतुलित करणं म्हणजे काय ते सांगते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं. कागदावर लिहिलं की H₂ + O₂ → H₂O. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. मग दुसरा गेला कुठे? अणू हरवत नाहीत आणि आकाशातून पडतही नाहीत. म्हणून दोन्हीकडचे अणू सारखे येईपर्यंत सूत्रांच्या पुढे आकडे लावायचे: 2H₂ + O₂ → 2H₂O. झालं. यात गणित चौथीचं आहे. पण दहावीतली निम्मी मुलं इथे बसतात ती उठतच नाहीत. कारण एक बंधन आहे. पुढचा मोठा आकडा तुमच्या हातात आहे. पायाशी लिहिलेला बारीक आकडा नाही. तो बदलला की पदार्थच बदलतो.

हे बंधन मी मागच्या वर्षीच्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा. घाईत. त्याच्यानंतर मी जे केलं ते फक्त माझ्यासारखीच करू शकते. घोषणा तयार केली. "अणू हरवणार नाही, अणू वाढणार नाही! दोन्ही बाजू — समान!" मुठी वर. मुलांना एवढा आनंद झाला की खालून विहारातले आजोबा बघायला आले, काय मोर्चा निघाला काय म्हणून. मला वाटलं, जिंकलो. घोषणा पाठ झाली म्हणजे विषय कळला, हा आमच्या चळवळीतला जुना आजार.

मग त्या बॅचची पहिली चाचणी घेतली. तेवीस पेपर. एकोणीस जणांनी लिहिलं होतं: H₂ + O₂ → H₂O₂.

मी लाल पेन घेऊन हॉलमध्ये गेले आणि भडकले. पहिल्या रांगेत हर्षल बसायचा. जुन्या गावठाणातला, जीभ तिखट. तो उभा राहिला.

"मॅडम, मोजा ना. इकरं दोन, तिकरं दोन. ऑक्सिजन पन दोन, दोन. तुमीच सांगितला, दोनी बाजू समान. हाय ना समान?"

समान होतं. दोन्ही बाजू अगदी माझ्या घोषणेबरहुकूम समान होत्या. माझ्या घोषणेत सगळं होतं, फक्त बंधन नव्हतं. घोषणेत बंधन बसतच नाही, ओळ लांब होते.

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आवाज आला. "मॅडम, ते पाणी न्हाई."

मंगलताई. माझ्या वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी, वय बेचाळीस. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेल्या. मुलांच्यात बसायला संकोच वाटतो म्हणून भिंतीला टेकून बसायच्या.

"पोराहो, हे प्यायलात तर दवाखान्यात जाल," त्या म्हणाल्या. "आमच्या कंपनीत निळ्या कॅनमधी येतं. कॅनवर हेच लिवलेलं असतंय, एच टू ओ टू. हातावर थेंब पडला की कातडं पांढरंफेक पडतं आन सुया टोचल्यावानी होतं. हे बघा." त्यांनी मनगट पुढे केलं. डाग आता नव्हता, पण सगळे वाकून बघत होते.

मी विचारलं, "मग तुम्ही काय लिहिलंत?"

"काहीच न्हाई. बाजू समान होईना, आन पाण्याचं ते करू वाटंना. कोरं सोडलं."

म्हणजे पदार्थ न बदलणारी बाई माझ्या चाचणीत शून्यावर होती.

"पण मग आकडा लावायचा कुठं?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच विचार करून उत्तर दिलं. मंगलताई पॅकिंगमध्ये होत्या. "ड्रम असतो बघा, सीलबंद. आत काय हाय, किती हाय, ते भरणाऱ्यानं भरलं. आपण सील तोडायचं न्हाई. कमी पडलं तर ड्रम वाढवायचे. एकाचे दोन, दोनाचे तीन. असंच हाय का हे?"

असंच होतं. बारीक आकडा सीलच्या आत, मोठा आकडा म्हणजे किती ड्रम. पदवीच्या तीन वर्षांत मला हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

हर्षल मागे वळून म्हणाला, "म्हंजे काकी, एक ड्रम पानी पुरत नाय त दोन ड्रम मागवायचा."

"व्हय रे माझ्या राजा. पण पाणीच मागव."

घोषणा त्या दिवशी बंद झाली. यावरून समाजातल्या समतेवर एक झकास रूपक मला तिथल्या तिथे सुचलं होतं. ते मी कुठेच लिहिलं नाही. सुधारत्येय हळूहळू.

मंगलताईंबद्दल सांगायला हवं, कारण हा लेख त्यांचाच आहे. माहेर परभणीकडचं. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा वॉचमन, दोन मुलं. औद्योगिक पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्पर, अकरा वर्षं. तिथल्या प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा निघणार होती. कायम नोकरी. काम म्हणजे नमुने आणायचे, बाटल्या धुवायच्या, लेबलं लावायची. लॅबचे साहेब मंगलताईंना ओळखत होते, कारण कुठल्या कॅनवर चुकीचं लेबल आहे ते ही बाई लांबून सांगायची. साहेब म्हणाले, "जागा तुमची. पण दहावी पास पाहिजे, कागद लागतो. निकालापर्यंत मी थांबवून धरतो." विज्ञान सोडून बाकी विषयांची त्यांना भीती नव्हती. एक विज्ञान, आणि त्यात पासापुरते पस्तीस. अकरा वर्षांचं कंत्राट आणि कायम नोकरी यांच्यामध्ये तेवढंच उभं होतं.

त्या पहिल्या पाळीवरून सुटून, घरी भाकऱ्या थापून साडेसहाला हॉलमध्ये हजर असायच्या. एकदाही उशीर नाही. मला व्हायचा.

डिसेंबरात त्यांच्या वहीत एक झेरॉक्स सापडली. "हमखास २५". आमच्याकडच्या प्रत्येक क्लासची अशी यादी असते. पंचवीस समीकरणं संतुलित करून दिलेली, घोका आणि ओका. मोजायचं काम नाही. याच यादीविरुद्ध मी कधीकाळी पत्रक काढलं होतं. मी ती सगळ्यांसमोर ओढून घेतली आणि भाषण ठोकलं: गरिबाच्या पोराला समजू द्यायचं नाही, नुसतं पाठ करायला लावायचं, हाच त्यांचा डाव आहे वगैरे. शब्द अजून मला पाठ आहेत.

मंगलताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमची लढाई मोठी हाय, मला ठावं हाय. माझी एवढुशी हाय. पस्तीस."

"समजून केलंत तर साठ पडतील."

"मला साठ कुठं पायजेत?"

हॉल हसला. मी नाही हसले. यादी त्यांच्या हातात परत देत मी म्हटलं, माझ्या वर्गात ही चालणार नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी यादीचं काय केलं विचारलं तर म्हणाल्या, पोराच्या वहीला कव्हर घातलं.

आणि त्या शिकल्या. खरंच शिकल्या. त्यांची पद्धत त्यांची होती: पॅकिंगमध्ये गोण्या मोजतात तशा रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, प्रत्येक अणूला एक. वहीच्या समासात रेघांचं जंगल. उत्तर बरोबर यायचं. पण एका समीकरणाला पंधरा मिनिटं. मी म्हणायचे, तोंडी करा. त्या म्हणायच्या, तोंडी केलं की माझा विश्वास बसत न्हाई.

फेब्रुवारीत प्रिलिम घेतली. मंगलताईंचा अर्धा पेपर कोरा. जे लिहिलं होतं ते सगळं बरोबर, पण वेळ संपला. पस्तीसच्या आसपासही नव्हत्या. पस्तीसची बाई मी साठच्या नादाने बुडवणार होते. त्या रविवारी बसून मी स्वतःच्या हाताने पंचवीस समीकरणं लिहिली, झेरॉक्स काढल्या आणि हॉलमध्ये सगळ्यांना वाटल्या.

हर्षलने कागद उलटसुलट केला. "मॅडम, ही त तीच यादी हाय. अक्षर बदलला फक्त."

"गप बस आणि पाठ कर."

मंगलताईंनी कागद हातात घेतला. "पाठ करू?"

"करा."

"मोजायचं न्हाई?"

"परीक्षेपुरतं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवली. कंपनीत डबा खाताना पाठ करायच्या, असं नंतर कळलं.

पेपराच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभी होते. मुलं ओरडत बाहेर आली: "आलं! लोखंडाचं आलं!" तापलेल्या लोखंडावरून वाफ नेली की काय होतं, ते समीकरण. यादीत सातवं. मी मनात म्हटलं, सुटलो. मंगलताई सगळ्यात शेवटी आल्या, पदराने मान पुसत.

"मॅडम, ते लोखंड आन वाफेचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, मुलांना ऐकू जाऊ नये असं. "उजवीकडं हायड्रोजन कमी पडतोय."

मी पिशवीतून यादी काढली. सातवं समीकरण, माझं अक्षर: 3Fe + 4H₂O → Fe₃O₄ + H₂. डावीकडे हायड्रोजन आठ, उजवीकडे दोन. शेवटच्या H₂ च्या पुढे चार लिहायचा राहिला होता. रविवारी घाईत.

"तुम्हाला कधी दिसलं?"

"पेपरातच. पाठ होतं तसं लिवलं, मग सवयीनं रेघा मारल्या. आठ आन दोन."

"मग दुरुस्त का नाही केलंत, मंगलताई?"

"तुमच्या हातचं होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपलंच मोजायचं चुकलं असंल."

मी आयुष्यभर (म्हणजे जेवढं झालंय तेवढं) लोकांना सांगत आले की छापलेलं आहे, साहेबाने सांगितलंय, म्हणून खरं मानू नका. आणि डोळ्यांसमोर आठ आणि दोन दिसत असताना या बाईने माझं अक्षर खरं मानलं. हर्षलने आणि आणखी कितीतरी जणांनी तेच चुकीचं उत्तर लिहिलं. त्यांना चूक दिसलीही नव्हती. मुलं पास झाली, विसरलीसुद्धा.

मंगलताई विज्ञानात नापास झाल्या. बाकी सगळ्या विषयांत पास. मी गुण पुन्हा पुन्हा बघितले. त्या एका समीकरणाचे पूर्ण गुण मिळाले असते तरी पस्तीस झाले नसते. यामुळे मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. कारण यादी पाठ करण्यात गेलेले दिवस कशात गेले असते, हे मला कोण मोजून देणार?

लॅबमधली जागा भरली गेली. कागद असलेला कुणीतरी आला. साहेब वाईट वाटून म्हणाले म्हणे, आणखी एक माणूस पुढेमागे लागेल, पास झालात की पहिलं मला दाखवा. पुढेमागे म्हणजे कधी, ते साहेबांनाही माहीत नसावं.

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली. दरवर्षी तीच चूक नव्या चपला घालून जिना चढून येते. मी फळ्यावर ड्रम काढत होते. मुलं यायच्या आधीच मंगलताई आल्या. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरून आल्या होत्या. मी महिनाभर तयारच होते. टेबलावर पत्रक ठेवलं, दोन रंगांत छापायचं असं ठरवलेलं. "अकरा वर्षं राबवता, एका कागदासाठी नाकारता!" कंपनीच्या गेटवर वाटणार होते.

त्यांनी उभ्याने वाचलं. "चांगलं लिवलंय," म्हणाल्या. "पण हे नको."

"का? अन्याय आहे हा."

"हाय ना. पण मॅडम, एक बोलू का? रागावणार न्हाई ना?"

"बोला."

"तुमी आमच्याशी भांडलात, यादी नको म्हणून. मी म्हटलं बरं. मोजायला शिकले. हळू येत होतं, पण येत होतं. मग फेब्रुवारीत तुमी यादी दिलीत." त्यांनी पदर नीट केला. "मी घाबरले नव्हते मॅडम. तुमी घाबरलात."

इतक्या वर्षांत अधिकारी, मुख्याध्यापक, नगरसेवक, कुणीकुणी मला काय काय सुनावलं आहे. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर असायचं, आणि नसलं तर दुसऱ्या दिवशी छापून यायचं. या वेळी मी पत्रक उचलून पिशवीत टाकलं. मग एवढंच म्हटलं की सातवं चुकलंय ते तुम्ही मला पेपरातल्या पेपरात कळवायला हवं होतं. ते म्हणताना मलाच कळलं की हे किती मूर्खपणाचं वाक्य आहे. त्या हसल्या, मग मीही.

जुलैपर्यंत आम्ही दोघी साडेपाचला बसायचो, मुलांच्या आधी. यादी नाही. मी घड्याळ लावायचे आणि तोंड बंद ठेवायचे. हे दुसरं फार अवघड आहे. पंधरा मिनिटांची बारा झाली, बाराची नऊ. एखाद्या दिवशी पाळीवर हाल झालेले असले की पुन्हा पंधरा.

फेरपरीक्षेचा निकाल हे लिहितेय तोवर लागलेला नाही. पेपराच्या दिवशी मी पुन्हा केंद्राबाहेर होते. या वेळी गर्दी नव्हती, ओरडा नव्हता. मंगलताई परत शेवटीच आल्या, उजवा हात चोळत.

"कसा गेला?"

"एक राहिलं. बाकी लिवलं."

"वेळ संपला?"

"वेळ कवाच संपला होता," त्या म्हणाल्या. "त्या पर्यवेक्षक बाईनं हातातनं पेपर ओढून घेतला. मी देतच नव्हते."